विनोदाचा उपास

हिंडलग्याच्या मराठी शाळेतल्या माधवी पाटीलबाई कुठंही गेल्या तरी आधी त्यांचा विनोद पोचायचा आणि मागनं बाई. सीट भरल्याशिवाय न हलणाऱ्या रवळूच्या वडाप रिक्षात चढताना त्या म्हणायच्या, "आणि दोघी येतील म्हणून थांबू नकोस रं. त्या दोघी मीच." लग्नात पंगतीला बसल्या की शेजारणीला आधीच सांगून ठेवायच्या, "जरा सरकून बसा. मी तवंदी घाटाखालची. येताना घाट संगटच घेऊन आलीया." रवळू हसायचा, पंगत हसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं बाई स्वतः हसायच्या.

ही विद्या त्यांनी माहेरीच, निपाणीजवळच्या खेड्यात कमावली होती. वर्गातली पोरं त्यांना 'भोपळा' म्हणायची. सातवीत नवे गुरुजी आले आणि त्यांनी नाव विचारलं. मागच्या बाकावरची पोरं तोंड उघडणार तोवर माधवीच म्हणाली, "माधवी, जी. पण भोपळा म्हटलं तरी ओ देते." गुरुजींसकट वर्ग हसला आणि पोरांच्या हातात काहीच उरलं नाही. आपल्यावरचा दगड आपणच आधी फेकला तर तो जरा हळू लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढं बघायच्या कार्यक्रमातही हेच कामाला आलं. मुलाचे चुलते म्हणाले, "मुलगी खात्यापित्या घरची दिसतीया." पोह्यांची बशी पुढं करत माधवी म्हणाली, "व्हय. खाऊन झालंय, आता प्यायचं तेवढं राह्यलंय. चहा आणते." पाहुण्यांत बसलेला नवरामुलगा युवराज पाटील इतका हसला की पोहे त्याच्या नाकात गेले. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम आणि घरची भातशेती, एवढंच जग असलेला हा अबोल माणूस. आपण ह्या पोरीला त्या एका वाक्यापायी पसंत केलं, असं तो पुढं कधीमधी सांगायचा. म्हणजे नवरासुद्धा विनोदानंच मिळालेला. असलं हत्यार कोण खाली ठेवील?

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली, तिच्यावर बाई बसल्या आणि खुर्चीचे दोन पाय दोन दिशांना गेले. बाई खाली. पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. बाई उठल्या, त्यांनी पाहुण्यांच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाल्या, "खुर्चीसाठी मारामारी करणारी माणसं लई बघितली. खुर्चीनंच राजीनामा दिलेली मी पहिलीच!" टाळ्या थांबता थांबेनात. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ गावभर फिरला आणि फिरत फिरत हुबळीला, कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीपर्यंत, अदितीपर्यंत, गेला.

अदितीचा फोन आला तेव्हा बाई कौतुक ऐकायच्या तयारीत होत्या. पलीकडनं रडू ऐकू आलं.

"आई, बोलताना हात बघितलीस काय तुझा?"

"हाताला काय झालंय?"

"कोपरातनं रगत येतंय, आई. ते पदराखाली लपवून तू हसालीस. का हसालीस गं?"

बाईंनी कोपर बघितलं. खरचटलेलं होतं, पदराला डाग पडला होता. ते लागलंय आणि आपण हात पदराखाली घेतलाय, ह्याचा इतका वेळ त्यांना पत्ताच नव्हता. एवढ्या मोठ्या देहाच्या कानाकोपऱ्यातल्या बातम्या मुख्य कचेरीत यायला वेळ लागतोच, असलं काहीतरी त्या बोलणार होत्या. पण पोरगी रडत होती, म्हणून गिळलं.

अदितीनं मग परस्पर शहरात, टिळकवाडीतल्या एका जीवनशैली वर्गात आईचं नाव घातलं. वर्ग तीन महिन्यांचा. आहार सांगणारी बाई वेगळी, व्यायाम घेणारा मुलगा वेगळा, दर आठवड्याला वजन, महिन्याला रक्तातली साखर, आणि गुरुवारी मनाबद्दल बोलायला तेजस्वी नावाची धारवाडकडची समुपदेशक. सगळं ऐकून माधवीबाईंच्या सासूनं, नागुबाईंनी, विचारलं, "वजन अंगाचं, मग मनाची बाई कशाला?"

"आत्ती, अंग एवढं मोठं आहे, एकटीला आवरंना म्हणून दुसरी ठेवलीया," माधवीबाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी हॉलच्या कोपऱ्यात पडद्यामागं काटा ठेवला होता. एकेकानं आत जायचं, कुणाचा आकडा कुणाला कळायचा नाही. बाईंनी पडदा बघून विचारलं, "दुसरा पडदा न्हाय काय? ह्यात मी अर्धीच मावतोय." सगळा हॉल हसला. फक्त रांगेतले दत्तोपंत हसले नाहीत. दत्तोपंत म्हणजे टिळकवाडीतले जुने वकील. वकिली सुटली होती तरी पोट आणि हरकती सुटल्या नव्हत्या. "या काट्याची शेवटची तपासणी कधी झाली?" त्यांनी व्यायामाच्या मुलाला विचारलं. "पुरावा ग्राह्य धरण्यापूर्वी मला ते कळलं पाहिजे."

आहारवाल्या बाईंनी रात्रीचा भात बंद केला. माधवीबाईंना वाटलं, ही आपल्याला घरातनं बाहेर काढतीया. त्यांच्या शेतात भात, उंबऱ्यावरच्या मापात भात, पातेल्यात भात. त्याऐवजी मोड आलेले हरभरे आणि काकडी पुढ्यात आली तेव्हा नागुबाई ताट बघून म्हणाल्या, "हे घोड्याला घालत्यात. तुला काय टांग्याला जुंपायचंय व्हय गं?"

पण गंमत म्हणजे वजन उतरलं. पहिल्या महिन्यात बाईंचे ब्लाऊज सैल झाले. त्या वाऱ्यावर चालायला लागल्या. वर्गात पोरांना गणित शिकवतानासुद्धा वजाबाकीचीच उदाहरणं घालायच्या. दुसऱ्या महिन्यात काटा अडला. त्या तेच हरभरे खात होत्या, तेवढंच चालत होत्या आणि काटा मात्र संपावर बसलेल्या कामगारासारखा हलेना. एका आठवड्यात तर तो उलटा वर गेला. वजनाच्या दिवशी बाई सकाळी पाणीसुद्धा मोजून प्यायच्या. चपला काढून, बांगड्या काढून, एकदा तर केसातला गजराही काढून त्या काट्यावर चढल्या. फुलांनी काय होणार होतं! पण बुडत्याला काडीचा, तसा त्यांना गजऱ्याचा आधार.

दत्तोपंत मात्र धडाधड उतरत होते. त्यांनी रात्रीचं जेवणच सोडलं होतं, आणि कुणी न विचारता ते सगळ्यांना सांगत होते.

त्या गुरुवारी सगळे खुर्च्यांचं रिंगण करून बसले. तेजस्वी एकेकाला आठवडा कसा गेला ते विचारत होती. माधवीबाईंची पाळी आली की लोक सावरून बसायचे. फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम. बाईंनीही निराशा केली नाही. काटा, गजरा, सासूचा घोडा, सगळं रंगवून सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

तेजस्वी हसली नव्हती. हसू संपायची वाट बघून ती तिच्या कानडी हेलात म्हणाली, "छान सांगितलासा बाई. आता विनोद काढून तेच सांगा की."

बाईंनी तोंड उघडलं. काही येईना. विनोद काढला तर खाली पीठ संपलेल्या डब्यासारखं नुसतं रिकामं लागत होतं. "काटा वर गेला," त्या कशाबशा म्हणाल्या. "मग... मग काय न्हाय."

"मग काय वाटलं?"

"काय वाटायचं? काट्यालाच वाईट वाटलं असंल."

पुन्हा हशा. तेजस्वीनं मान हलवली. "बाई, तुम्हाला ह्या आठवड्यात भाताचा उपास नको. विनोदाचा करा. स्वतःच्या अंगावरचा एकही विनोद करायचा न्हाय. घरात नको, शाळेत नको, रिक्षात नको."

"एवढंच?" बाई म्हणाल्या. "त्यात काय अवघड!"

अवघड दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं. रवळूची रिक्षा आली. बाई चढल्या. रवळू आरशात बघत थांबला. ठरलेलं वाक्य ऐकल्याशिवाय त्याचा पाय क्लचवर पडायचा नाही. बाई गप्प.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं काय ओ?"

शाळेत मुख्याध्यापक नागेंद्र सरांनी स्वतःच्या डब्यातला लाडू पुढं केला. एरवी बाई म्हणाल्या असत्या, "मला कशाला देता, विहिरीत दगड टाकल्यागत होईल." आज त्या नुसतं "नको सर" म्हणाल्या. सरांनी दुपारी त्यांना अर्धी सुट्टी घेऊन डॉक्टरांकडं जायचा सल्ला दिला. घरी नागुबाईंनी दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी मीठमिरच्या घेऊन सुनेची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्या गल्लीला लागला, पण सून बोलेना. युवराज तर घाबरूनच गेला. फौंड्रीतनं आल्यावर तो मुकाट्यानं आपलं ताट आपण घासायला लागला. आपलंच काहीतरी चुकलंय अशी त्याची खात्री होती. फक्त काय ते त्याला आठवत नव्हतं.

गप्प राहिल्यावर बाईंना एक नवीच गोष्ट दिसायला लागली. शाळेतनं आल्यावर घरात कुणी नसायचं. आत्ती रानात, नवरा कामावर, पोरगी हुबळीला. पदर खोचून त्या स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या आणि भडंगाचा डबा काढायच्या. उभ्यानंच. बसून खाल्लं तर खाल्ल्यासारखं होतं. उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नसतं, असा त्यांचा स्वतःपुरता कायदा होता. उपासाच्या आठवड्यात तो डबा जवळजवळ भरलेलाच राहिला. हात जाईना असं नाही, पण मूठभर खाल्लं की पुरायला लागलं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की ज्या दिवशी आपण लोकांना जास्त हसवतो त्या दिवशी घरी येऊन डबा जास्त रिकामा करतो. दिवसभर स्वतःवर फेकलेले दगड त्या रोज संध्याकाळी भडंगाखाली पुरत होत्या. हे कळल्यावर त्यांना पहिल्यांदा वाटलं ते असं, की वर्गातल्या पोरीनं एवढं सोपं गणित सोडवायला अशी तीस-पस्तीस वर्षं घेतली असती तर आपण तिला अंगठे धरून उभं केलं असतं.

आठवडा संपायच्या आत वडगावात चुलत जावेच्या नातवाचं बारसं आलं. बाई मोरपंखी साडी नेसून युवराज आणि आत्तींबरोबर गेल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, पलीकडच्या विणकराच्या घरात मागाचा खडखडाट चाललेला. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि चुलत जाऊ सगळ्यांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "काय माधवी, वर्गाला जाऊन उतरतेस म्हणत होतीस. आणि फुगलीस की गं!"

सगळ्या बायका माधवीबाईंकडं वळल्या. हसायच्या तयारीत. ह्याच्यापुढं माधवी काहीतरी असं बोलणार की पोट धरून हसायचं, हे ठरलेलं होतं. बाईंच्या जिभेवर एक सोडून तीन विनोद आले. तिन्ही चांगले होते. त्यांनी तिन्ही गिळले.

मग जावेच्या वाक्याला लपायला जागाच राहिली नाही. ते खोलीच्या मध्ये तसंच उघडं पडून राहिलं. कुणी हसलं नाही. चुलत जावेचं स्वतःचं तोंड उतरलं. माधवीबाई म्हणाल्या, "वाईट वाटलं गं मला," आणि त्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्या रडणार आहेत हे त्यांनाही कुणी आधी कळवलं नव्हतं.

नागुबाई घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून उठल्या. सासू-सुनेचं काही फार गुळपीठ होतं अशातला भाग नाही. पण त्या चुलत सुनेपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या सुनंला जेवाय मी घालतोय. तुझ्या घरातनं काय येतंय व्हय, मापं काढायला?" मग माधवीबाईंच्या दंडाला धरून म्हणाल्या, "चल गं. तोंड धू."

परतताना नागुबाई दुसऱ्यांच्या गाडीतनं गेल्या आणि माधवीबाई युवराजच्या मोटरसायकलवर मागं बसल्या. गावाबाहेर, भाताच्या खाचरांजवळ, युवराजनं गाडी बाजूला घेतली. उतरला. हँडलवरची धूळ पुसत राहिला.

"काय झालं ओ?" बाईंनी विचारलं.

"तुला वाईट वाटतंय, हे मला ठावंच न्हवतं," तो म्हणाला. "एवढी वर्सं मी बी हसलो की."

"तुमी हसावं म्हणूनच बोलत होते मी."

"व्हय. पण मला वाटायचं, तुला गंमत वाटतीया."

"वाटायची की. कधीकधी खरंच वाटायची." बाईंनी पदर सावरला. "आता कुठल्या वेळेला खरी आणि कुठल्या वेळेला खोटी, ते माझं मलाच निवडाय येईना झालंय. खड्यातनं तांदूळ निवडल्यागत."

युवराजनं खूप विचार केला. मग म्हणाला, "तुझं ते पोह्याच्या वेळचं चहाचं, ते खरं होतं काय?"

"ते खरं होतं."

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि इतका मोठा सुस्कारा टाकला, की बाईंना हसू फुटलं. हे हसू कुणाला दाखवायचं नव्हतं. रस्त्यावर बघायला फक्त एक म्हैस होती.

वर्ग संपला तेव्हा माधवीबाईंचं वजन ठरवल्याच्या निम्मंच उतरलं होतं. रक्तातली साखर मात्र ताळ्यावर आली होती, आणि झोप लागत होती. तेजस्वीनं विचारलं तेव्हा त्यांनी विनोद न करता पाच-सहा वाक्यं सलग सांगितली, आणि घरी जाऊन युवराजला अभिमानानं ते ऐकवलं, बाकीच्यांनी दाखवावं पदक तसं. खरं पदक दत्तोपंतांना मिळालं. सर्वांत जास्त वजन उतरवल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि भाषण करायची संधी. भाषण त्यांनी सोडलं नाही. ढगळ झालेल्या पँटचा पट्टा ओढून दाखवत त्यांनी इच्छाशक्तीवर अर्धा तास युक्तिवाद केला.

वर्गातल्या काही जणांनी रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातल्या झाडीत चालायचं ठरवलं होतं. दत्तोपंत दोन-तीनदा सगळ्यांच्या पुढं चालले. मग यायचेच बंद झाले. फोन उचलेनात. पावसाळा सरला तरी पत्ता नाही, तेव्हा माधवीबाई एकदा चालणं अर्धं टाकून त्यांच्या घरी गेल्या.

दार त्यांच्या पत्नीनं, नीलाताईंनी, उघडलं. "आत आहेत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "कुणाला भेटत नाहीत. सगळं वजन परत आलं, वर थोडं अधिकच. आता खोलीतून बाहेर येत नाहीत. देवळातसुद्धा नाही. वजनाचा एक काटा आणून पलंगाखाली ठेवलाय आणि दिवसातून कितीदा त्यावर चढतात."

आतनं आवाज आला, "नीला, मी घरी नाही म्हणून सांग."

माधवीबाई दाराशी उभ्या राहिल्या. एक विनोद तयार होता. असा, की वकीलसाहेब खोटी साक्ष देताना सापडले. तो त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. आत गेल्या. दत्तोपंत खिडकीकडं तोंड करून बसले होते. जुनी पँट पुन्हा घट्ट झाली होती, आणि ते अंग चोरून बसले होते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी आपण पदराखाली कोपर घेतलं होतं, तसंच काहीसं बाईंना ते दिसलं.

"माझं बी परत थोडं वाढलंय," बाई समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसत म्हणाल्या.

दत्तोपंतांनी वळून बघितलं नाही. "मी भाषण केलं होतं, पाटीलबाई. इच्छाशक्तीवर."

"व्हय. लई लांबलं होतं."

मग दत्तोपंतांचे खांदे हलले. ते हसतायत की रडतायत हे नीलाताईंना दारातनं कळेना. बहुधा दोन्ही होतं. "लोक काय म्हणतील याची मला कल्पना आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तेच म्हटलं असतं. हरलेल्या पक्षकाराबद्दल मी कायम तेच म्हणत आलो."

"लोकांचं सोडा. तुम्हाला काय वाटतंय?"

हा प्रश्न बाईंनी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता, आणि दत्तोपंतांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला, दोनदा हरकत घ्यायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "लाज वाटते."

"मला बी वाटायची. अजून वाटतीया कवा कवा." बाई उठल्या. "चपला घाला. नीलाताई, तुमी पण चला."

"आज?" दत्तोपंत म्हणाले. "या पँटमध्ये?"

"मग काय नेसूनशान येणार?"

ते निघाले. गेटापर्यंत येताना त्यांनी रस्त्यावर ओळखीचं कुणी आहे का ते दोनदा वाकून बघितलं. नीलाताई मागनं चालत होत्या आणि नवऱ्यापेक्षा त्यांचा पाय जलद होता, हे लवकरच उघड झालं. झाडीत कोवळं ऊन पडलं होतं. पहिल्या वळणावरच दत्तोपंतांनी मोकाट कुत्र्यांबद्दल महानगरपालिकेवर एक लांबलचक तक्रार सुरू केली, तेव्हा नीलाताईंनी माधवीबाईंकडं बघून डोळे मिटले. गडी जागेवर येतोय, असा त्याचा अर्थ.

एक फेरी झाली तेव्हा बाहेर गाडीवर इडलीची भांडी उघडल्याचा वास आला. माधवीबाई थांबल्या. जाड माणसानं चारचौघांत उच्चारू नये असं एक वाक्य असतं, आणि ते त्यांनी आजवर कधीच सरळ उच्चारलं नव्हतं. उच्चारलं तर आपल्याच पोटाची टिंगल करून.

"भूक लागली ओ मला," त्या म्हणाल्या.

"मलाही," दत्तोपंत म्हणाले, आणि तिघंही गाडीकडं वळली.